शेवटची बिनचूक ओळ

सकाळी साडेदहाच्या सुमारास आत्याचा फोन आला, तेव्हा चिंगी एका प्रिंटरचं पोट उघडून बसली होती. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात ती आणि तिचा एक सहकारी अशी दोनच माणसं होती. सहकारी दिवसाला दहा वाक्यांच्या वर बोलत नसे, म्हणून सगळा कारखाना त्याला मौनी म्हणायचा. चिंगी हे नाव फक्त घरच्यांचं.

"चिंगे, हा कॉम्प्युटर हळू चाललाय गं," आत्या म्हणाली. "फार हळू. कालपासून."

"काय होतंय नक्की?"

"मी दाबते आणि ते येतच नाही. दाबते, दाबते, आणि मग एकदम... एकदम ढीग येतो."

चिंगीनं प्रिंटर तसाच सोडला आणि हात पुसले. आत्याचा फोन म्हणजे पंधरा मिनिटं गेलीच, हे मौनीलाही माहीत होतं. त्यानं न बोलता प्रिंटर स्वतःकडे ओढला.

आत्या बसनं पाच तासांवरच्या गावात एकटी राहायची. वय सदुसष्ट. चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावरही प्रकाशक तिला फाइली पाठवत राहिले, कारण तिच्या नजरेतून चुकीची वेलांटी सुटत नाही अशी तिची ख्याती होती. चिंगीनं लहानपणी तिला लिहिलेली पत्रं लाल खुणांसकट परत यायची आणि खाली 'मजकूर छान' असा शेरा असायचा. हल्ली मोबाइलवर निरोप पाठवतानासुद्धा आत्या पूर्णविराम द्यायला विसरत नसे.

"बरं, तो प्रोग्रॅम उघड, मी तुझ्या कॉम्प्युटरवर येते. वर आकडा दिसेल, तो वाच."

फोन स्पीकरवर ठेवल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"सात," आत्या म्हणाली. "चार. सात. मग ते... ते गोल."

"गोल काय?"

"गोल गं. काहीच नसतं ते."

"शून्य?"

"तेच. मग दोन."

चिंगी हसली. "आत्या, चष्मा बदल आता." आत्या मात्र हसली नाही.

आकडे जुळले आणि चिंगीच्या पडद्यावर आत्याचा पडदा उमटला. एकच फाइल तेवीस वेळा उघडलेली होती. मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक, पान एकशे बारा. तेवीस खिडक्या एकमेकींवर रचलेल्या, आणि वरच्या खिडकीत मजकुराच्या मधोमध नुसती 'क'ची रांग. क, क, क, क, तीन ओळी भरून.

"अगं, हे काय केलंयस?"

"मी कुठे काय केलं? तोच करतोय. दुपारपर्यंत फाइल द्यायचीय मला."

एखादी कळ अडकली असेल, चिंगीला वाटलं. एकेक खिडकी बंद करत ती कामाला लागली. मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम तपासले. डिस्क तपासली. मशीन जवळजवळ रिकामं बसलं होतं. गेल्याच वर्षी तिनं स्वतः जाऊन त्यात नवीन मेमरी घातली होती, कॅमेरा बसवला होता, दोन दणकट स्पीकर जोडले होते. तिनं एक फोल्डर उघडून पाहिला. टिचकीसरशी उघडला. दुसरा उघडला. तोही तसाच.

"आत्या, माझ्या हाताला तर पटापट चालतंय. तू जरा माऊस हलव बघू."

पडद्यावरचा बाण हलला. फाइलच्या दिशेनं निघाला, वाटेत थबकला आणि हळूहळू खाली घसरत जाऊन कोपऱ्यात थांबला. जणू कुणी तो हातातून सोडून दिला होता.

"आता डबल क्लिक कर."

एक टिचकी पडली. चिंगीनं मनात तीन आकडे मोजले, तेव्हा दुसरी पडली.

"पटपट कर ना."

"पटपटच करतेय," आत्या म्हणाली. तिचा आवाज जड वाटला, तोंडात काही असल्यासारखा.

चिंगीनं एक कोरी खिडकी उघडली. "इथे काहीतरी लिही. कीबोर्ड बघू दे."

बराच वेळ खिडकी कोरीच राहिली. मग एकेक अक्षर येऊ लागलं. मध्येच एखादं अक्षर सात-आठ वेळा उमटायचं, थांबायचं, पुढे सरकायचं. शेवटी ओळ पुरी झाली.

निट चलत नाहि

चिंगीनं ती ओळ दोनदा वाचली. 'नीट'ची वेलांटी पहिली. 'चालत'चा काना गेलेला. 'नाही'ची वेलांटी पहिली. शेवटी पूर्णविराम नाही. कीबोर्ड खराब असता तर अक्षरं गळली असती, जास्तीची उमटली असती. पण दीर्घाच्या जागी ऱ्हस्व वेलांटी कुठला कीबोर्ड आपण होऊन देतो? आत्यानं हे लिहिलं होतं आणि ते तिला चुकीचं दिसत नव्हतं.



"आत्या, मी कॅमेरा चालू करतेय हं. हलू नकोस."

"कॅमेरा कशाला? मी केस नाही विंचरले."

चौकट उघडली. चित्र तुटक तुटक येत होतं. आत्या घरातल्या गाऊनमध्ये बसली होती, चष्मा नाकावर, मागे पलंग आणि त्याच्याही मागे बाहेरचं दार. चेहरा आत्याचाच होता, पण उजवीकडचा ओठ खाली ओघळलेला होता आणि त्या बाजूचा गाल सैल पडला होता.

"आत्या, हस बघू जरा."

"हसू कशाला? काम पडलंय."

"माझ्यासाठी हस ना गं."

आत्या हसली. अर्धीच हसली.

"आता दोन्ही हात वर कर. पुढे धर."

डावा हात वर आला. उजवा टेबलावरच राहिला. आत्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि नाराजीनं म्हणाली, "तो कामात आहे."

चिंगी उठून उभी राहिली. खुर्ची मागे कलंडली तेव्हा मौनीनं मान वर केली.

"आत्याला झटका आलाय," ती त्याला म्हणाली. "मेंदूचा. मला तुझा फोन दे."

त्यानं लगेच दिला. तिनं तातडीच्या सेवेचा नंबर फिरवला. पलीकडच्या माणसानं पत्ता विचारला आणि म्हणाला, बाई, हा नंबर तुमच्या गावाचा आहे, त्या गावाला तिथल्याच नंबरवरून सांगावं लागेल. तो शोधून देतो म्हणाला आणि फोनमध्ये वाट पाहण्याचं संगीत वाजायला लागलं. चिंगीनं फोन मौनीच्या हातात कोंबला. "तू बोल." दिवसाची दहा वाक्यं तिथेच संपणार होती, पण तो बोलू लागला.

तिच्या मोबाइलवर आत्या होती. आता टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून तिला एकाच माणसाला बोलावता येण्यासारखं होतं. त्याच गावात, आत्याच्या घरापासून वीस मिनिटांवर, तिचे बाबा राहायचे. आत्याचा सख्खा धाकटा भाऊ. आणि चार वर्षं त्या दोघांत एक शब्द नव्हता.

आजीला आत्यानं अकरा वर्षं सांभाळलं होतं. शेवटच्या आजारात आत्या म्हणत होती, आईला घरीच राहू दे. बाबांनी दवाखान्यात नेलं, कागदांवर सह्या केल्या, आणि आजी नळ्यांच्या जंजाळात तिसऱ्या आठवड्यात गेली. दवाखान्याच्या पायरीवर आत्या बाबांना म्हणाली होती, "आईला कधी विचारलंस का तू?" त्यानंतर दोन्ही घरांत एकच माणूस ये-जा करत होतं, ते म्हणजे चिंगी. दोन्हीकडचे कॉम्प्युटरही तीच बघायची आणि एकीकडचं दुसरीकडे काही बोलायची नाही.

बाबांनी तिसऱ्या घंटेला उचलला.

"बाबा, आत्याला पॅरालिसिसचा झटका आलाय. आत्ता. मी कॅमेऱ्यात बघतेय तिला. उजवा हात गेलाय, बोलणं अडखळतंय. घरी एकटी आहे."

 बाबांनी एकच प्रश्न विचारला. "कधीपासून?"

"कालपासून काहीतरी बिनसलंय म्हणत होती. बाबा, निघा."

"निघालो," असं म्हणेपर्यंत किल्ल्यांचा आवाज आला होता. बाबांनी तीस वर्षं त्या गावात बस चालवली होती. कुठला सिग्नल किती वेळ थांबवतो, हे त्यांना पाठ होतं.

चिंगी पडद्याकडे वळली आणि तिच्या तोंडून ओरडणं निघालं. आत्या उठत होती.

"आत्या! बस! उठू नकोस!"

"दार," आत्या म्हणाली. "कोणीतरी यायचंय ना. दार उघडायला हवं."

"तू उठू नकोस, ते उघडतील!"

आत्यानं डाव्या हातानं टेबल धरलं, एक पाऊल टाकलं, आणि चौकटीतून खाली निघून गेली. काहीतरी आपटल्याचा आवाज फोनमधून आला. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. खुर्चीमागे पलंगाची कड, दार, दारावर टांगलेली पिशवी.

"आत्या?"

उत्तर नाही. नुसता श्वास. जोराचा, घरघरता. म्हणजे फोन चालू होता आणि आत्या जिवंत होती, पण बाबांना पोचायला वेळ होता आणि दार आतून बंद होतं.

शेजाऱ्यांपैकी कुणाचाच नंबर चिंगीकडे नव्हता. फक्त एक माणूस तिला आठवला. आत्याच्या खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहायचा. घरातच खिडकीपाशी बसून घड्याळं दुरुस्त करायचा आणि त्याला आवाज सहन व्हायचा नाही. आत्याचा रेडिओ मोठा आहे म्हणून तो आतापर्यंत चार वेळा वर येऊन भांडून गेला होता. आत्या त्याला टिकटिकराव म्हणायची.

चिंगीनं आत्याच्या कॉम्प्युटरचा आवाज शेवटच्या खुणेपर्यंत नेला. गजराचा प्रोग्रॅम उघडला, त्यातला सगळ्यात कर्कश आवाज निवडला आणि चालू केला. पाच तास दूर, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत दोन दणकट स्पीकर एकदम केकाटू लागले. फोनमधून तो आवाज इतका जोरात आला की कारखान्याच्या ऑफिसातली तीन टेबलं वळून पाहू लागली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मौनी कुणाला तरी शांतपणे पत्ता सांगत होता, मजल्यासकट. गजर वाजतच होता. चिंगी त्या दाराकडे टक लावून बघत होती.

दारावरची पिशवी हलली. पुन्हा हलली. कोणीतरी बाहेरून थापा मारत होतं.

तिनं गजर बंद केला आणि फोनमध्ये बेंबीच्या देठापासून ओरडली. "काका! आत्या पडलीये! दार उघडा! मी तिची भाची बोलतेय!"

थापा थांबल्या. "कोण बोलतंय?" बाहेरून पुसट आवाज आला.

"फोनवरून बोलतेय! आत्या आत पडलीये, तिला झटका आलाय! दार फोडा!"

"फोडू काय?" घड्याळजी म्हणाला. मग पावलं जिन्यावरून खाली धावत गेली.

 तो पळून गेला, असंच चिंगीला वाटलं. पण पावलं परत आली, त्याच घाईनं. दाराच्या फटीत काहीतरी चमकलं. एक बारीक पोलादी पट्टी आत शिरली, वर सरकली, खाली सरकली.

"याच्यापेक्षा लेडीज घड्याळाचं झाकण अवघड असतं," बाहेरून पुटपुटणं ऐकू आलं. खट झालं आणि दार उघडलं.

एक लहानखुरा माणूस डोळ्यावर भिंग तसंच ठेवून आत आला. तो खाली वाकला, चौकटीबाहेर गेला.

"शुद्धीवर आहेत," त्याचा आवाज आला. "पलंगाला टेकून बसल्यासारख्या आहेत. ताई, माझ्याकडे बघा. बघतायत माझ्याकडे."

"डोक्याला लागलंय का?"

"नाही, गादीवर आपटल्या असाव्यात. खूण नाही कुठे. पण तोंड... तोंड वाकडं झालंय हो."

"पाणी पाजू नका. काही देऊ नका. कुशीवर टेकवून ठेवा आणि बोलत राहा."

 घड्याळजी म्हणाला, "ताई, तुमचा रेडिओ लावा हो हवा तेवढा, मी नाही काही म्हणणार." आत्यानं काहीतरी उत्तर दिलं. शब्द एकही लागला नाही, पण सूर भांडणाचाच होता.

बाबा बाराव्या मिनिटाला दारात आले. चिंगीनं त्यांना कॅमेऱ्यात पाहिलं. पायात घरातल्या चपला, शर्टाची बटणं वर-खाली लागलेली. ते दारातच थबकले. चार वर्षांत पहिल्यांदा ते त्या उंबऱ्यात उभे होते.

"ताई," ते म्हणाले, आणि पुढे झाले.

मौनीनं हातानं खूण केली. रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांनी येईल. चिंगीनं ते फोनमधून सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "पंचवीस मिनिटांत मी दोनदा जाऊन येईन." त्यांनी आत्याला खुर्चीवर बसवलं, चादरीनं बांधलं, आणि पुढे बाबा आणि मागे घड्याळजी अशी ती खुर्ची दारातून बाहेर गेली. जिन्यावर बाबांचा आवाज येत राहिला. "डावीकडे घ्या. सावकाश. आता वळण." मग तोही विरला. पडद्यावर आत्याची रिकामी खोली उरली आणि दार सताड उघडं.

मौनीनं पाण्याचा पेला पुढे केला. चिंगीनं तो एका दमात रिकामा केला.

अकरा चाळीसला बाबांचा फोन आला. आत्याला आत नेलं होतं. मेंदूचा फोटो काढला होता, रक्तस्राव नव्हता, गाठीनं रक्त अडलं होतं. पण बाबांचा आवाज पार खाली गेला होता.

"गाठ विरघळवायचं इंजेक्शन असतं म्हणे. पण ते देता येत नाही म्हणतायत."

"का?"

"साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मी सांगितलं की कालपासून आहे."

 तो 'कालपासून' तिनंच बाबांना दिला होता. आत्याच्या तोंडून आलेला, न तपासता पुढे ढकललेला.

"डॉक्टरांना फोन द्या."

"अगं, त्या घाईत..."

"बाबा, आत्ताच्या आत्ता द्या!"

डॉक्टरबाईंचा आवाज थकलेला आणि नेमका होता. "बोला. पेशंटच्या कोण?"

"भाची. डॉक्टर, ती कालपासून म्हणाली, पण तेव्हा तिचे शब्दच चुकत होते. मला शून्य सांगता येत नव्हतं तिला. तिचं म्हणणं धरू नका."

"मग कधीचं धरू? शेवटची ठीक असताना कुणी पाहिलंय? एकट्या राहतात ना?"

"कुणी पाहिलं नाही."

"मग माझा नाइलाज आहे. वेळ माहीत नसताना ते औषध दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो."

"एक मिनिट द्या मला. फक्त एक मिनिट. फोन ठेवू नका."

आत्याचा कॉम्प्युटर अजून चिंगीच्या पडद्यावर होता. मधमाश्यांची फाइल उघडी होती. आत्या दुरुस्त्या करायची तेव्हा प्रत्येक दुरुस्तीशेजारी तिचं नाव आणि वेळ आपोआप नोंदली जायची, ही सोय चिंगीनंच चालू करून दिली होती. तिनं समासातली यादी खालून वर वाचायला घेतली.

"दहा सव्वीस. नुसती क-ची रांग," ती म्हणाली. "दहा एकोणीस. 'इथ इथ वाक्या'. अर्धवट सोडलंय. त्याच्या वर... दहा बारा." तिनं श्वास घेतला. "दहा बाराला तिनं लिहिलंय, 'मागे पान ४१ वर "पोळे" असे आहे, इथे "पोळं". दोन्ही बरोबर, पण एकच ठेवावे. शिवाय "मधमाश्यांच्या"मधला अनुस्वार राहिला आहे.' पूर्णविराम, स्वल्पविराम, सगळं जागच्या जागी. डॉक्टर, माझी आत्या चाळीस वर्षं प्रुफं तपासतेय. दहा बाराला तिचं डोकं लखलखीत होतं."



"हे त्यांनीच लिहिलं कशावरून?"

"घरात दुसरं कुणी नाही. दार आतून बंद होतं, ते पट्टी घालून उघडावं लागलं. आणि सकाळी आठपासून दहा बारापर्यंतच्या अठ्ठ्याऐंशी दुरुस्त्या आहेत, सलग, एकीतही चूक नाही."

"कॉम्प्युटरचं घड्याळ?"

चिंगीनं स्वतःच्या पडद्यावरची वेळ आणि आत्याच्या पडद्यावरची वेळ शेजारी धरून पाहिली. "बरोबर आहे. मिनिटाचाही फरक नाही. मी चित्र पाठवते, बाबांच्या फोनवर."

चित्र गेलं. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं असावं, कारण त्या कुणाला तरी म्हणाल्या, "दहा बारा. म्हणजे दीड तास. तयारी करा." मग फोनवर म्हणाल्या, "शंभरातल्या पाच-सहा जणांना याने रक्तस्राव होतो. घरच्यांची संमती लागेल. तुमच्या वडलांशी बोला, पण लवकर. दर मिनिटाला मेंदूचं नुकसान होतंय."

फोन बाबांकडे आला. त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"चिंगे, कागद पुढे केलाय," ते म्हणाले. "मी नाही सही करत. एकदा केली होती. परत नाही."

"बाबा."

"तिला काही झालं तर? मी काय तोंड दाखवू? तिनं मला तेव्हा काय विचारलं होतं ते तुला माहीत नाही."

"माहीत आहे. मी तिथेच होते. मग या वेळी विचारा की तिला! ती शुद्धीवर आहे. तिला ऐकू येतंय, कळतंय. तिलाच विचारा."

बाबांनी फोन कुठेतरी ठेवला. चिंगी कानाशी फोन दाबून ऐकत राहिली. भोवती ऑफिसात एकही कळ वाजत नव्हती. लांबून, यंत्रांच्या टूं-टूंमधून बाबांचा आवाज आला. शाळेतल्या मुलाला सांगावं तसा, एकेक शब्द सुटा.

"ताई. मी आहे. तुझ्या डोक्यात गाठ अडकलीये. एक औषध आहे. लागलं तर हात परत येईल. नाही लागलं तर... जीवावरही बेतू शकतं. मी ठरवणार नाही. तू सांग. घ्यायचं?"

काहीच ऐकू आलं नाही. चिंगीनं डोळे मिटून घेतले.

मग फोन उचलल्याचा खडखडाट झाला.  "डाव्या हातानं कागदावरचं पेन उचललं तिनं," बाबा म्हणाले. "आणि माझ्या हातात कोंबलं. आणि डोळे वटारले."

"करा सही."

"केली."

चिंगी दुपारच्या बसनं निघाली. पाच तास फोन हातात धरून बसली, आणि दर अर्ध्या तासानं बाबा एकच शब्द पाठवत होते. 'तशीच.' 'तशीच.' 'तशीच.' शेवटच्या तासात वेगळा निरोप आला. 'अंगठा हलला.' तो वाचून ती बसमध्ये रडली, तेव्हा शेजारच्या बाईनं काही न विचारता खिडकी थोडी उघडली.

ती पोचली तेव्हा बाबा आत्याच्या पलंगाशेजारी स्टुलावर ताठ बसले होते, स्टिअरिंग धरल्यासारखे. आत्या झोपली होती. ओठ अजून वाकडा होता, सकाळपेक्षा कमी. डॉक्टरबाई म्हणाल्या, धोका टळला असं उद्या सांगेन, पण मला वाटतं टळला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं सांगितलं.

शब्द एकेक करून परत आले, आणि रांगेत आले नाहीत. 'पाणी' आधी आला, 'चिंगी' तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी आत्यानं चिंगीला जवळ बोलावलं आणि खूप कष्टानं सांगितलं की तिला त्या दिवशी 'मघापासून' म्हणायचं होतं. "मघा," ती म्हणाली. "मघा. मी काल म्हटलं?" चिंगीनं मान हलवली. आत्याला आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या मुद्रणदोषाची बातमी मिळाल्यासारखं झालं. तिनं डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत.

फाइल त्या दिवशी गेली नाही. प्रकाशकानं पुस्तक पंधरा दिवस पुढे ढकललं आणि उरलेली पानं दुसऱ्या कुणाकडून तपासून घेतली. ते पुस्तक हातात आलं तेव्हा आत्यानं पहिल्या बैठकीत त्यात अकरा चुका काढल्या आणि त्या रागानं तिची तब्येत निम्मी सुधारली, असं घड्याळजी सगळ्यांना सांगत फिरला.

उजव्या हाताची बोटं पूर्ण परतली नाहीत. बटणं लावणं, पेन धरणं अवघडच राहिलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे तिला आठवड्यातून तीनदा जावं लागायचं, आणि बाबा तिला नेऊ-आणू लागले. आजीविषयी ते दोघं कित्येक दिवस काही बोलले नाहीत. एकदा गाडीत, सिग्नलला, आत्याच म्हणाली. शब्द शोधत, मध्ये थांबत. "आईच्या वेळी... सही करायला तू एकटाच होतास, बाळ्या. मी बाहेर उभी राहून... नुसती बोलत होते." बाबांनी चिंगीला हे नंतर सांगितलं. तुम्ही काय म्हणालात, असं तिनं विचारलं. "काय म्हणणार," बाबा म्हणाले, "सिग्नल हिरवा झाला."

चार वर्षांचा अबोला त्यानं पुसला गेला, असं काही झालं नाही. आत्या अजूनही त्यांच्या घरी जात नाही. पण व्यायामाच्या दिवशी बाबा दहा मिनिटं आधी येतात, आणि ती तयार नसली तर खाली घड्याळजीकडे जाऊन बसतात.

परवा चिंगीनं फोन केला तेव्हा दोघं गाडीतच होती. आत्या फोनवर म्हणत होती की तो पुलावरून नेतोय, पुलावर गर्दी असते, बाजारातून न्यायला हवं. बाबा म्हणत होते की तीस वर्षं बस मी चालवली की तू? आत्या म्हणाली, "बस चालवलीस, पण पाटी वाचलीस का कधी? 'वाहतुक'ला पहिला उकार आहे तिथे." बोलणं सावकाश होतं, दोन ठिकाणी अडखळलं, आणि उकार अगदी बरोबर पकडला होता. चिंगीनं थोडा वेळ त्यांचं भांडण ऐकलं. मग त्या दोघांचंही आपल्याकडे लक्ष नाही हे बघून तिनं हळूच फोन ठेवला आणि मौनीनं पुढे सरकवलेली कुणाच्या तरी कॉम्प्युटरची तक्रार उघडली.